ऊन कुणाच्या डोक्यावर?

एप्रिल-मे महिन्यात दुपारी एकच्या सुमाराला हिंजवडीकडून मारुंजीला जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभ्या राहा. डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून घेतलेल्या दोन बायका तुम्हाला दिसतील. एक दुचाकीवरून जाते. तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंतचे मोजे, अंगात पांढरा सनकोट, डोळ्यांवर काळा चष्मा. ती बहुधा आयटी पार्कमध्ये कामाला असते आणि दहा मिनिटांत वातानुकूलित इमारतीत पोचते. दुसरी रस्त्याच्या कडेच्या बांधकामावर असते. साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला ओढणी किंवा टॉवेल, त्यावर चुंबळ आणि चुंबळीवर वाळूचं घमेलं. ती सकाळी आठपासून तिथंच आहे आणि संध्याकाळी सहापर्यंत तिथंच राहणार आहे.

दोघी एकाच उन्हापासून स्वतःला वाचवतायत. पण ‘उन्हापासून काळजी घ्या’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर या दोघींपैकी कोण असते? आपण प्रामाणिकपणे उत्तर दिलं तर बहुतेकींना पहिलीच आठवेल. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, जाहिराती, टीव्हीवरचे सल्ले सगळे तिच्याशी बोलतात. आणि तिच्याशीही काय बोलतात, तर रंग काळवंडेल, सुरकुत्या पडतील, डाग येतील. बाईच्या अंगावर ऊन पडलं की तिचा गोरेपणा जातो, एवढीच आपल्या समाजाला उन्हाची भीती! गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढून टाकला. पण शब्द गेला म्हणून धंदा गेला नाही. पहिलीने स्कार्फ बांधू नये असं आम्हाला मुळीच म्हणायचं नाही, जरूर बांधावा. पण ज्या बाईचा जीवच उन्हात पणाला लागलेला असतो, तिच्या वाट्याला कुणाचा सल्लाही येत नाही, याचा विचार करायला हवा. म्हणून या अंकाचं संपादकीय त्या दुसरीविषयी.

पाणी प्यायचं, पण जायचं कुठं?

मारुंजी हे मुळशी तालुक्यातलं गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्क शेजारी आला आणि गावाच्या शेतजमिनींवर पंधरा-वीस मजली इमारतींची रांग लागली. या इमारती बांधायला मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, बिहार, ओडिशा, छत्तीसगड अशा ठिकाणांहून माणसं येतात. साइटच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची वस्ती असते. वर पत्रा, भिंतीही पत्र्याच्याच. दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत आत आग ओकत राहतो. शरीराला गार व्हायला रात्र मिळाली तर दुसऱ्या दिवशीचं ऊन सोसतं. इथं तीही मिळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका वस्तीत आम्ही संध्याकाळी बायकांबरोबर बसलो होतो. तयारी करून गेलो होतो. ‘दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या’ असं सांगायला सुरुवात केली, तेव्हा परभणीकडच्या एका मावशींनी आम्हाला मध्येच थांबवलं.

“ताई, पानी प्याया काय पैसं पडत्यात व्हय? पर प्यायलं की जायाचं कुठं, ते सांगा आधी.”

मग सगळ्याजणी बोलायला लागल्या. साइटवर एक संडास आहे, तो पुरुषांचा. त्याला कडी नाही. पूर्वी मागं मोकळं रान होतं, आता तिथंही इमारत उठली आहे आणि वरच्या मजल्यांवरून सगळं दिसतं. म्हणून सकाळी अंधारात एकदा आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर एकदा. मधल्या बारा तासांत पाणी घोटभर, तेही घसा ओला करण्यापुरतं. पाळी असेल त्या दिवशी तेवढंही नाही. लघवीला जळजळ, पोटात दुखणं, चक्कर, डोकं ठणकणं हे सगळं त्यांनी ‘अंगावरचं’ म्हणून धरून चाललेलं. त्यातली एक पोरसवदा बाई हसत म्हणाली, “उन्हाळ्यात एक बरं असतंया, घाम इतका येतो की लघवीला जावंच लागत नाही.”

आम्ही त्यावर काही बोलू शकलो नाही. आमची पत्रकं पिशवीतच राहिली.

तेव्हा पहिला मुद्दा हा. उन्हाचा प्रश्न पुरुषांना आहे तसा बायकांना आहेच, पण बायकांच्या उन्हाला संडासाची जोड आहे. मुंबईत ‘राइट टू पी’ची मोहीम २०११ साली सुरू झाली तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, थट्टा केली. बाईला लघवीला जागा मिळणं हा तिच्या कामाच्या, फिरण्याच्या आणि जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं ती मोहीम सांगत होती. तापत्या उन्हात तोच मुद्दा जीवनमरणाचा होतो.

शरीरात काय घडतं?

आपल्या शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. कष्टाचं काम करताना स्नायू उष्णता तयार करतात, बाहेरून ऊन तापवतं. ही उष्णता घालवायचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. घाम वाळला की कातडी गार होते. घामाला पाणी आणि मीठ लागतं. ते भरून काढलं नाही तर रक्त दाट होतं, हृदयाला जास्त राबावं लागतं, मूत्रपिंडांना पुरेसं रक्त मिळत नाही. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळतच नाही, म्हणून आकडा कमी असूनही धोका मोठा असतो.

सुरुवातीची लक्षणं आपल्याला माहीत असतात: पायात गोळे येणं, मळमळ, डोकं दुखणं, अंधारी येणं. या वेळी सावलीत बसून पाणी घेतलं तर माणूस सावरतं. पण बाई बरळायला लागली, चालताना झोकांड्या द्यायला लागली, बेशुद्ध पडली, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान अशा वेळी ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. मग वाट पाहायची नाही. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर भरपूर गार पाणी ओतायचं, वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवायची आणि गाडी बोलवायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. इथं बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते: भर रस्त्यात बाईच्या अंगावर पाणी कसं ओतायचं, कपडे कसे सैल करायचे, म्हणून आजूबाजूचे पुरुष थबकतात. या लाजेत गेलेली दहा मिनिटं जीव घेऊ शकतात. वस्तीतल्या चार-पाच बायकांनी हे आधीच शिकून ठेवलेलं असलं, तर असं थबकावं लागत नाही.

खिशात कांदा ठेवून किंवा हुंगून उष्माघात टळत नाही. कैरीचं पन्हं, ताक, मीठ-साखरेचं पाणी मात्र खरंच उपयोगी. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढंच प्रमाण.

आणखी एक गोष्ट ठेकेदार, मुकादम आणि आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवायला हवी. उन्हातल्या कामाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. उन्हाने कामावर मरण पावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतच दगावणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं असतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी थोडं आणि मग रोज वाढवत काम द्यावं, हा जगभर मान्य झालेला नियम. आपल्याकडे नेमकं उलटं असतं. गावाकडून कालच आलेली, उचल घेतलेली, बाळंतपणातून नुकतीच उठलेली बाई पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भरते, कारण पहिल्याच दिवशी तिला ‘कामाची आहे’ हे दाखवायचं असतं.

गरोदर बाईची गोष्ट तर वेगळीच. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेच्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या ८०० गरोदर स्त्रियांचा २०१७ पासून काही वर्षं अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रिया कडक उष्णतेत काम करणाऱ्या होत्या. गर्भपात किंवा मृत मूल जन्मण्याचा धोका या स्त्रियांमध्ये दुपटीच्या घरात आढळला. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या वस्त्यांमध्ये असं मूल गेलं की बोट कुणाकडे दाखवलं जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे: बाईच्या नशिबाकडे, तिच्या पायगुणाकडे, फार तर सासूने केलेल्या हयगयीकडे. साइटवरच्या उन्हाकडे कुणी बोट दाखवत नाही.

जोडीतली बाई

हे सगळं कुणाच्या जबाबदारीचं? इथं आपण मोजणीपाशी येतो. बांधकामावर पुष्कळदा ‘जोडी’ घेतात. जोडीचा हिशेब नवऱ्याच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या हातात, हजेरीच्या वहीत नाव नवऱ्याचं. ऊसतोडीत याच जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मारुंजीपासून जवळच कासारसाईला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात या भागातही ऊसतोड्यांच्या पालांची वस्ती पडते. कोयता म्हणजे दोन माणसं, पण नाव एकाचं. जी बाई वहीत नाही, ती उन्हात पडली तर कामावर पडली हे सिद्ध कसं करायचं?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांची गोष्ट आठवा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. खाडा झाला की दंड, पाळीत विसावा नाही, पाणी नाही, आडोसा नाही, अंगावर काढलेला जंतुसंसर्ग, आणि मग कुणीतरी सांगतं, ‘पिशवी काढून टाका म्हणजे कटकट गेली’. कामाची जागा बाईला सोसवेना, म्हणून कामाची जागा बदलायच्या ऐवजी बाईचं शरीर कापलं गेलं.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत, ऊसतोड करणारे हजारो मजूर मूत्रपिंडं निकामी होऊन मेले. त्यांतल्या अनेकांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. वर्षानुवर्षं उन्हातलं अतिकष्टाचं काम आणि पाण्याची तूट हे त्याचं मोठं कारण असल्याचं संशोधकांनी दाखवलं. तिथं मग तीन साध्या शब्दांचा कार्यक्रम आखला गेला: पाणी, विसावा, सावली. आपण त्यात चौथा शब्द घालू या: आडोसा.

सभेला बंदी, कामाला नाही

१६ एप्रिल २०२३ हा दिवस विसरता येत नाही. नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर दुपारी उन्हात बसली होती. मंचावर छप्पर होतं, मैदानावर नव्हतं. उष्माघाताने १४ जण गेले आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. तापमान ४० अंशांच्या आतच नोंदलं गेलं होतं, पण हवा दमट होती. त्यानंतर सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळात उघड्यावर कार्यक्रम घेण्याला बंदी जाहीर केली.

बंदी योग्यच होती. पण तिचा अर्थ काय होतो, पाहा. दुपारी १२ ते ५ उघड्यावर नुसतं बसणं माणसाच्या जिवाला धोक्याचं आहे, हे सरकारला पटलं. मग त्याच वेळात उघड्यावर घमेली वाहणं, स्लॅब टाकणं, डांबर ओतणं, वीटभट्टीवर थापणं धोक्याचं नाही का? श्रोत्याच्या जिवाला जी वेळ वाईट, ती मजुराच्या जिवाला चांगली कशी?

केरळात श्रम खातं उन्हाळ्यात आदेश काढतं. थेट उन्हात काम करणाऱ्यांना दुपारी १२ ते ३ विसावा द्यायचा आणि आठ तासांचं काम सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात बसवायचं. कतारने २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम केला. कतार काही मजुरांच्या हक्कांसाठी प्रसिद्ध नाही, त्यालाही हे करावं लागलं. आपल्याकडे उन्हाळ्यात सूचना निघतात: ‘दुपारी शक्यतो बाहेर पडू नका.’ जिची मजुरीच बाहेर आहे, तिने ‘शक्यतो’ म्हणजे काय करायचं?

ही मागणी आज कुणाच्या डोक्यातून निघालेली नवी टूम नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचं निवेदन तयार केलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्या निवेदनात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विसाव्याची मागणी होती. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात ती आली. गिरणीच्या छपराखालच्या कामगाराला तेव्हा मिळालेली दुपार उघड्यावरच्या बाईला अजून मिळायची आहे.

कायदे झाले नाहीत असं नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पिण्याच्या पाण्याची तरतूद होती, आणि मजुरांना कळेल अशा भाषेत तशी पाटीही लावायची होती. संडास-मुताऱ्या, तात्पुरती घरं, प्रथमोपचार, ५० हून अधिक स्त्रिया असतील तिथं पाळणाघर, हे सगळं त्यात होतं. बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर घेऊन कल्याणकारी मंडळ चालवायचं होतं. महाराष्ट्रात असं मंडळ २०११ साली स्थापन झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुन्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. पाणी, संडास, आरोग्याला घातक नसलेली कामाची जागा ही मालकाची जबाबदारी संहितेतही आहे. पाळणाघराची अट आता ५० स्त्रियांऐवजी ५० कामगार अशी झाली आहे. कागदावर हे पुढचं पाऊल आहे. पण एकाच साइटवर दहा उपठेकेदार आणि प्रत्येकाच्या वहीत वीस-वीस नावं असली, तर पन्नासचा आकडा भरायचा कधी?

पण मजुरीचं काय?

वस्तीतल्या त्याच बैठकीत आम्ही दुपारच्या सुट्टीचं बोललो, तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. एकीने सरळ विचारलं, “चार तास बसून राह्यलं तर हजेरी कोण दील?” दुसरी म्हणाली, “सकाळी सहाला काम धरायचं म्हनता, मग मी उठू कधी? तीनला? पानी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, पोरांचं करायचं कोण?”

हे दोन्ही प्रश्न आपल्या चळवळीने गंभीरपणे घ्यायला हवेत. मजुरी कापून दिलेला विसावा हा विसावा नसतो, ती सक्तीची बेकारी असते. म्हणून ‘दुपारी काम बंद’ या मागणीला ‘पूर्ण मजुरीसह’ हे शब्द जोडलेलेच हवेत. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने २०२३ पासून आपल्या सभासद स्त्रियांसाठी उन्हाचा विमा करून पाहिला आहे. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की दावा-अर्ज न करता बाईच्या खात्यात बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम जमा होते. रक्कम लहान आहे आणि हा काही कायमचा तोडगा नाही. पण उन्हाने बुडालेला दिवस हे बाईचं नुकसान आहे, ते भरून दिलं पाहिजे, हे तत्त्व त्यातून मान्य झालं. उपकराचे पैसे पडून असताना असं काही आपल्या मंडळाला का करता येऊ नये?

दुसरा प्रश्न जास्त अवघड, कारण त्याचं उत्तर घरात आहे. कामाची वेळ सकाळी लवकर आणली तर पुरुषाचा दिवस दोन तास आधी सुरू होतो, बाईचा रात्रीच सुरू होतो. मधल्या दुपारी पुरुष सावलीत आडवा होईल, बाई धुणी धुवायला बसेल. म्हणजे उन्हापासून वाचवायला निघालेला नियम तिची झोप खाईल, आणि झोप न झालेल्या शरीराला ऊन अधिकच बाधतं. तेव्हा वस्तीत नळ हवा, साइटवर पाळणाघर हवं, आणि भाकरी थापणारा हात नवऱ्याचाही हवा. कामाच्या वेळा बदलणारा आदेश सरकार काढील. चुलीपुढच्या वेळा बदलायचा आदेश कुठलं खातं काढणार? ते आपल्यालाच करायचं आहे.

आपण काय करायचं?

आमच्या बैठकांतून पुढं आलेल्या मागण्या थोडक्यात देतो. मार्च ते जून दुपारी १२ ते ३ उघड्यावरचं काम पूर्ण मजुरीसह बंद असावं, आणि हा सल्ला नसून आदेश असावा. प्रत्येक साइटवर गार पाणी, सावलीची शेड आणि बायकांसाठी कडीचा, पाण्याचा, उजेडाचा वेगळा संडास असावा. हजेरीच्या वहीत आणि मजुरीच्या हिशेबात बाईचं स्वतंत्र नाव असावं, म्हणजे मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारे ९० दिवस तिला दाखवता येतील. नव्या मजुरांना पहिले काही दिवस हलकं काम आणि गरोदर बाईला सावलीतलं काम द्यावं. पत्र्याच्या खोल्यांवर निदान गवताचं, पेंढ्याचं किंवा पांढऱ्या चुन्याचं आच्छादन करावं. यात महागडं काय आहे?

आणि मैत्रिणींनो, त्या इमारती पूर्ण झाल्यावर त्यांत राहायला आलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणी हे वाचत असतील. तुमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर झाडूवाली, भाजीवाली, रस्ता खोदणारी बाई असते. तळमजल्यावरचा संडास तिच्यासाठी उघडा आहे का? फाटकाशी पाण्याचा माठ आहे का? कॉंक्रीट करायला आलेल्या टोळीतल्या बायकांना दुपारी पार्किंगच्या सावलीत बसू देतात, की रखवालदार उठवतो? सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडा. विरोध होईल. ‘सवय लागेल’, ‘घाण होईल’ असं म्हणतील. कोण काय म्हणालं, ते आम्हाला लिहून कळवा.

त्या मावशींचा प्रश्न आम्ही पुढच्या बैठकीतही तसाच ठेवणार आहोत: “प्यायलं की जायाचं कुठं?” या प्रश्नाला मारुंजीतल्या एका जरी साइटवर उत्तर मिळालं, तरी पुढच्या अंकात त्याची हकीकत देऊ. तुमच्या गावात, तुमच्या रस्त्यावर, तुमच्या शेतात काय घडतंय ते लिहा. लिहिता येत नसेल तिचं ऐकून तुम्ही लिहा. पत्रांची वाट पाहतो.

— संपादक मंडळ